ऊर्जेच्या पदवीत बॉयलरही असू द्या: अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
अभियांत्रिकी अभ्यास मंडळे,
राज्यातील सर्व विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये

विषय: ऊर्जा विज्ञान व तंत्रज्ञान या पदवी अभ्यासक्रमाबाबत

स. न. वि. वि.

मी व्यवसायानं ऊर्जा लेखापरीक्षक आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कधीमधी सोलापूर अशा पट्ट्यातल्या फाउंड्र्या, साखर कारखाने, सूतगिरण्या आणि दूध संघांत जायचं, कुठं किती वीज, वाफ आणि इंधन जातं ते मोजायचं आणि त्यातलं किती वाचेल ते मालकाला लिहून द्यायचं, हे माझं काम. अलीकडं माझ्याकडं काम मागायला येणाऱ्या मुलांच्या पदव्यांची नावं बदलली आहेत. पूर्वी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल एवढंच असायचं. आता त्याला रिन्यूएबल, सस्टेनेबल, ग्रीन असं काहीतरी मागंपुढं जोडलेलं असतं. मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. पण त्यांना चार वर्षांत जे शिकवलं गेलं ते पाहून मला आपल्याशी बोलावंसं वाटलं.

ऊर्जेची स्वतंत्र पदवी नकोच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट ती हवी, आणि का हवी ते साखर कारखान्यात उभं राहिलं की लगेच कळतं. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा निघतो. त्यात निम्मं पाणीच असतं. तो बॉयलरमध्ये जातो, वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ बॉयलिंग हाउसला जाते आणि रस तापवते, आटवते. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रिडला विकली जाते. आता यात मेकॅनिकलवाला बॉयलर आणि टर्बाइन सांभाळतो. इलेक्ट्रिकलवाल्याचं राज्य अल्टरनेटरपासून पुढं. रस आटवणारे इव्हॅपोरेटर आणि पॅन केमिस्टच्या ताब्यात. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण बॉयलिंग हाउसमध्ये वाचलेली एक टन वाफ म्हणजे किती बगॅस वाचला, आणि त्या बगॅसचे एप्रिलमध्ये किती युनिट विकता आले असते, हा हिशेब या तिघांपैकी कुणाच्याच टेबलावर नसतो. जुन्या कारखान्यात उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ लागते. चांगल्या चालवलेल्या कारखान्यात ती चाळीस टक्क्यांवर येते, त्याच्याही खाली जाते. मधल्या दहा टक्क्यांत एका हंगामाचे किती पैसे असतात ते चेअरमनला विचारा. ते पैसे ज्याला दिसतात असा माणूस तयार करणं हे ऊर्जेच्या पदवीचं काम.

कोयनेचं उदाहरण तर आपल्याला माहीतच आहे. 1,960 मेगावॅटचा प्रकल्प, पण तो किती चालवायचा हे टर्बाइन ठरवत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. म्हणून ते पाणी दिवसभर न वापरता मागणी चढते तेव्हासाठी राखून ठेवायचं असतं. पाऊस, लवाद, ग्रिडची मागणी आणि यंत्र, सगळं एका निर्णयात. आपल्या सध्याच्या कुठल्या शाखेत हे शिकवतात?

वाट अगदी नवी आहे असंही नाही. आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं एमटेक 1980 च्या दशकापासून चालतं, आणि आता बारावीनंतर थेट ऊर्जा अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो. आयआयटी दिल्लीनंही बीटेक सुरू केलं. 2026 च्या गेट परीक्षेपासून अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात ऊर्जा विज्ञान हा विभाग आला. म्हणजे पुढं शिकायची दारं उघडत आहेत. पण आयआयटीच्या मुलाला पदवीवर काय लिहिलंय याची फारशी काळजी करावी लागत नाही. संस्थेचं नाव त्याला तारून नेतं. तोच अभ्यासक्रम उचलून आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात ठेवला तर त्याचं काय होईल, हा माझा प्रश्न आहे.

मी पाहिलेल्या काही अभ्यासक्रमांत सौरऊर्जेवर चार-चार विषय आहेत. सोलर सेल, सोलर थर्मल, सोलर पॅसिव्ह आर्किटेक्चर, आणि ऊर्जेसाठी नॅनोपदार्थ नावाचा एक ऐच्छिक विषय, जो बहुधा शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या पीएचडीचा विषय असतो. वाफेला मात्र एका विषयातलं एक प्रकरण. मुलाला स्टीम टेबल (वाफेच्या दाब-तापमानाचा तक्ता) उघडून सात बारला किती तापमान ते काढता येत नाही. देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 2025 मध्ये निम्म्यावर पोचला, ही आनंदाचीच गोष्ट. पण 2024-25 मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून जास्त होता. आणि कारखान्यातली उष्णता तर अजून जवळजवळ सगळी काहीतरी जाळूनच मिळते. तेव्हा बॉयलर हा जुना विषय म्हणून बाजूला सारायची घाई कशाला?

मी मुलाखतीला आलेल्या मुलांना दोन साधे प्रश्न विचारतो. पहिला: चंद्रपुरात मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, मग सोलर पॅनेल तिथं सगळ्यात जास्त वीज देईल का? बहुतेक जण हो म्हणतात, आणि सौरऊर्जेवर चार विषय शिकलेलेही म्हणतात. पॅनेलवर छापलेले वॅट हे सेलचं तापमान 25 अंश असतानाचे असतात. चंद्रपूरच्या उन्हात सेल 65 अंशांवर सहज जातो. सिलिकॉनचं पॅनेल दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज गमावतं. चाळीस अंश वाढले म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा गेला. दुसरा प्रश्न: एका औष्णिक संचाला एक युनिट वीज करायला 2,450 किलोकॅलरी लागत असतील तर त्याची कार्यक्षमता किती? एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी, भागाकार केला की 35 टक्के. कॅल्क्युलेटरही लागू नये. यात अडणारा मुलगा नापास झालेला नसतो, त्याला आठच्या वर सीजीपीए असतो. त्यामुळं दोष त्याला देता येत नाही.

खरी परीक्षा मात्र शॉपफ्लोअरवर होते. एका फाउंड्रीत सुटीच्या दिवशी आम्ही कॉम्प्रेस्ड एअरची गळती मोजत होतो. मोल्डिंग लाइन बंद, ग्राइंडर बंद, माणूस नाही. कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवायचा आणि हातात घड्याळ घेऊन उभं राहायचं. कारखान्यात हवा वापरणारं काहीच चालू नाही, म्हणजे तो एकदा दाब भरून झाला की गप्प अनलोडवर, म्हणजे हवा न भरता पडून राहायला हवा. तो दोन मिनिटं लोडवर, चार मिनिटं अनलोडवर, पुन्हा दोन मिनिटं लोडवर. म्हणजे क्षमतेचा एक तृतीयांश फक्त गळतीला. दहा टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही ठीक म्हणतो. सोबत आलेला नवा मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. त्याला म्हटलं, लॅपटॉप मिट आणि कान दे. सगळं बंद असलं की गळती ऐकू येते. होज पाइपच्या जोडाशी, ड्रेन व्हॉल्व्हशी, भिंतीवरच्या एका विसरलेल्या नळाशी. तासाभरात त्यानं खडूनं इतक्या खुणा केल्या की भिंत पांढरी झाली. मग हिशेबाला बसवलं. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं भोक साधारण तीन किलोवॅट खातं. वर्षाला आठ हजार तास धरले तर 24,000 युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी 1 लाख 92 हजार, एका भोकाचे. त्यानं तो आकडा दोनदा तपासला आणि मग माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला एका समीकरणाचे रुपये झालेले दिसले होते. हे शिकवायला प्रयोगशाळेसाठी कोटीचा निधी लागत नाही. जवळची एमआयडीसी आणि एक सुटीचा दिवस पुरतो.

दुसरी गोष्ट वीजबिलाची. आपल्या प्रत्येक कॉलेजला महिन्याला बिल येतं, ते लेखा विभागात जातं, भरलं जातं आणि फाइलला लागतं. ऊर्जेच्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच सत्रात हातात मिळालं पाहिजे. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात नुसते युनिट नसतात. करार मागणी किती, गाठलेली कमाल मागणी किती, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी किती येते त्याचं प्रमाण) काय, दिवसाच्या कुठल्या वेळेत किती वापर झाला, सगळं असतं. एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटांवर होते. म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारा कॅपॅसिटर नादुरुस्त असेल तर त्याचा भुर्दंड थेट युनिटांतच बसतो, वेगळ्या दंडाच्या ओळीत दिसत नाही. कितीतरी कारखान्यांतल्या अनुभवी माणसांनाही हे उशिरा उमगलं. वेळेनुसार दर बदलायला लागल्यापासून तर दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज या दोन वेगळ्या वस्तू झाल्या आहेत. फर्नेस कुठल्या पाळीत चालवायची हा आता इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

यालाच जोडून कायदा आणि करार. दाभोळचा एन्रॉनचा वीज प्रकल्प आठवा. 1993 मध्ये वीज मंडळानं करार केला, 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला आणि 2001 मध्ये तो बंद पडला. टर्बाइन चांगले होते, गडबड करारातल्या कलमांत होती: वीज घ्या न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचे, आणि तेही डॉलरशी बांधलेले. पुण्यातल्या 'प्रयास' गटातल्या मंडळींनी तो करार ओळीनं वाचून, त्याची आकडेमोड लोकांपुढं मांडली. इंजिनिअर माणसानं करार वाचला तर काय दिसू शकतं याचा याहून चांगला नमुना महाराष्ट्रात तरी मला माहीत नाही. आज राज्यात कृषी फीडर (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) सौरऊर्जेवर नेण्यासाठी हजारो मेगावॅटचे करार होत आहेत. वीज खरेदी करार कसा वाचावा आणि नियामक आयोगाचा दरआदेश कसा वाचावा, यावर पदवीला एक पूर्ण विषय ठेवायला काय हरकत आहे? पर्यावरण अभ्यास नावाचा जो विषय सगळ्यांना लागतो आणि कुणीच वाचत नाही, त्याच्या जागी ठेवला तरी चालेल. (हे गमतीनं लिहिलं, पण अगदीच गमतीनं नाही.)

आणि संध्याकाळ. सौर क्षमता वाढेल तसा ग्रिडचा खरा कस दुपारनंतर लागणार. सूर्य उतरतो त्याच सुमारास घराघरांत दिवे, पंखे, शेगड्या सुरू होतात. फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झच्या आसपास धरून ठेवायची तर कुणीतरी तेवढ्या मिनिटांत दुसरीकडून वीज आणली पाहिजे. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात हेच काम चालतं. घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं, महाग वेळेला खाली सोडायचं, शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत घ्यायचे. हे वीस-पंचवीस युनिट का गेले आणि तरीही सौदा परवडला कसा, हे ज्याला नीट सांगता येतं तो ऊर्जा शिकला असं मी म्हणेन. विद्यार्थ्यांची सहल काढायचीच तर घाटघरला काढा. पवनचक्क्यांपुढं फोटो काढून येण्यात सगळा दिवस जातो.

आता नोकरीचं बोलतो, कारण कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाचा फॉर्म भरताना आईवडील तेवढंच विचारतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. माझ्याकडं काम केलेली एक मुलगी, हुशार, हाताला चलाख, ऊर्जा शाखेची पदवीधर. तिनं एका सरकारी कंपनीच्या जाहिरातीला अर्ज केला. जाहिरातीत शाखेचं नाव इलेक्ट्रिकल होतं. तिच्या पदवीत इलेक्ट्रिकलचे निम्मे विषय होते. ते दाखवायला तिनं गुणपत्रकं जोडली, विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र मागितलं. पत्र आलं तेव्हा कागदपत्र पडताळणी होऊन गेली होती. पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्यापुढच्या कागदावर जे नाव आहे तेच तो पाहणार. हा प्रश्न एकट्या मुलीनं सोडवायचा नव्हताच, तिला प्रवेश देणाऱ्यांनी आधी सोडवायचा होता.

बॉयलरचं तेच. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेला बसायचं तर नियमांत शाखांची नावं घालून दिलेली आहेत. खाजगीत परिस्थिती बरी आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा शाखा विचारत नाही. अभियांत्रिकीची पदवी आणि ऊर्जेशी संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव एवढं पुरतं. चार पेपर असतात, त्यात एक पूर्ण पेपर औष्णिक यंत्रणेवर आणि एक विद्युत यंत्रणेवर. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानं मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणं बंधनकारक केलं, 2022 च्या दुरुस्तीनं त्यात कार्बन बाजार आला, म्हणजे मोजणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांची गरज वाढत जाणार. आपला अभ्यासक्रम या चार पेपरांशी जुळवून पाहा. जे मूल पदवीच्या शेवटी हे पेपर सोडवू शकत नाही, त्याला आपण ऊर्जेचा पदवीधर म्हणू नये.

शिकवणार कोण, हा अवघड भाग आहे. बॉयलर पेटवलेला आणि पीएचडीही केलेला माणूस मिळणं कठीण, आणि मिळाला तरी तो आपल्या वेतनश्रेणीत येणार नाही. पण औष्णिक केंद्रांतून, साखर कारखान्यांतून, वितरण कंपनीतून निवृत्त झालेली माणसं गावोगावी आहेत. त्यांना अतिथी व्याख्याता म्हणून एका तासाचं तुटपुंजं मानधन आणि शाल-श्रीफळ देऊन बोलावू नका; पूर्ण सत्र द्या, त्यांनी घेतलेल्या परीक्षेचे गुण मोजा.

माझं मागणं असं आहे. ज्या कॉलेजात मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही विभाग धड चालू आहेत, तिथंच ही पदवी सुरू करावी. पहिली दोन वर्षं दोन्हीकडचा पाया, काही न कापता: ऊष्मागतिकी, उष्णता वहन, विद्युत यंत्रं, पॉवर सिस्टिम. सौर, वारा, बॅटरी, हायड्रोजन तिसऱ्या वर्षापासून. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एका खऱ्या कारखान्याचा किंवा इस्पितळाचा पूर्ण ऊर्जा लेखापरीक्षण अहवाल लिहावा आणि त्याची तोंडी परीक्षा त्या कारखान्याच्या माणसासमोर व्हावी. जिथं हे जमणार नाही तिथं स्वतंत्र पदवीचा हट्ट सोडून मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मुलांना ऊर्जेचा मायनर (मूळ शाखेसोबतचा जोडअभ्यासक्रम) द्यावा. त्यात कमीपणा काही नाही, आणि मुलाचं मूळ शाखेचं नाव जाहिरातीत चालतं.

अहवालांचे नमुने लागले तर माझ्याकडचे, कारखान्यांची नावं काढून, मी देईन. माझ्या ओळखीतले आणखीही लेखापरीक्षक देतील. फ्ल्यू गॅस अॅनालायझर (धुराड्यातले वायू तपासणारं यंत्र) आणि पॉवर अॅनालायझर विकत घेणं झेपत नसेल तर काही दिवस वापरायला देऊ.

एका गोष्टीला मात्र पर्याय नाही. राज्याच्या तिन्ही वीज कंपन्यांकडून आणि बाष्पके संचालनालयाकडून, ही पदवी कुठल्या पदाला आणि कुठल्या परीक्षेला चालेल, ते लेखी घ्या. तोंडी आश्वासन नको, बैठकीचं इतिवृत्त नको. पत्र मिळालं नाही तर त्या वर्षी प्रवेश देऊ नका. मिळालं तर ते माहितीपुस्तिकेत जसंच्या तसं छापा, म्हणजे अर्ज भरण्याआधी मुलीच्या बापाला ते वाचता येईल.

कळावे,

आपला,
एक ऊर्जा लेखापरीक्षक
कोल्हापूर